सौद्याआधी सातबारा

नरखेड तालुक्यातील कोणताही शहाणा शेतकरी सातबारा पाहिल्यावाचून जमिनीचा सौदा करीत नाही. विकणारा सोयरा असो की गावचा पाटील असो, महसुली दप्तरी नाव कोणाचे आहे आणि बोजा कोणाचा आहे याची खातरजमा झाल्यावाचून इसाराचा रुपया त्याच्या हातून सुटत नाही. संत्र्याची बाग देताना तो हीच दक्षता बाळगतो. परंतु त्याच घरातील पदवीधर मुलगा नागपुरात नोकरीस लागतो, आंबिया बहाराच्या पैशांतील काही भाग मोबाइलवरील एखाद्या दलालामार्फत शेअरांत घालू लागतो, तेव्हा वडिलांचे हे शहाणपण गावीच राहून जाते. काही मिनिटांत खाते उघडते, पडद्यावर हिरवे-तांबडे आकडे नाचू लागतात, आणि पैसा नेमका कोणाच्या हाती गेला हा पहिला प्रश्न विचारावयाचाच राहतो.

हा उपदेश कोणास अनाठायी वाटत असेल, तर त्याने आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. 2002 साली उघडकीस आलेल्या प्रकरणात नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोख्यांच्या खरेदीसाठी सुमारे सव्वाशे कोटी रुपये होम ट्रेड व अन्य खाजगी दलाल कंपन्यांच्या हवाली केले होते. नरखेड-काटोलपासून उमरेड-भिवापूरपर्यंतच्या शेतकऱ्यांचा पीककर्जाचा आधार असलेली ही बँक. होम ट्रेड ही इंटरनेटच्या पहिल्या भरातील कंपनी. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन यांचे चेहरे तिच्या जाहिरातींत झळकत होते. पैसे गेले, रोखे मात्र बँकेच्या हाती आले नाहीत. वर्धा आणि उस्मानाबाद येथील जिल्हा बँकांचाही पैसा याच कंपनीच्या व्यवहारात अडकला. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागावयास 22 डिसेंबर 2023 हा दिवस उजाडला. त्या दिवशी बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना न्यायालयाने पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील दाखल झाले आणि जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाने केदार यांना जामीन दिला. अपराध कोणाचा व किती, हे ठरविणे न्यायालयांचे काम आहे. आम्हांस येथे दुसरीच गोष्ट सांगावयाची आहे.

सरकारी रोखा खरेदी झाला, तर त्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या दप्तरी होत असते. ती नोंद आपल्या नावे झाली आहे काय, एवढे पाहूनच पैसा सोडला असता, तर या प्रकरणाला जागाच उरली नसती. लबाडीला नेहमी एका गाफील क्षणाची गरज असते. तो क्षण म्हणजे पैसा देणे आणि वस्तू ताब्यात येणे यांमधील अंतर होय. हे अंतर कोण सांभाळतो, हे जाणून घेणे हीच खरी तपासणी.

ही तपासणी आज पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी आहे. दलालाची नोंदणी सेबीकडे असली पाहिजे, आणि तिच्या क्रमांकाचा आरंभ आयएनझेड या अक्षरांनी होतो. तो क्रमांक दलालाने धाडलेल्या दुव्यावर न पाहता सेबीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन पाहावा. नाव व पत्ता अक्षरशः जुळवावा, कारण नामांकित दलालांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन बनावट अॅप काढणारे ठग थोडे नाहीत. पैसा आपल्या बँक खात्यातून दलालाच्या नोंदणीकृत खात्यातच जावा. एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या खात्यात तो भरावयास सांगितले, की तेथेच व्यवहार थांबवावा.

तथापि नोंदणी ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. हैदराबादची कार्वी स्टॉक ब्रोकिंग ही नोंदणीकृत आणि मोठी दलाल कंपनी होती. तिने ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकून स्वतःसाठी पैसा उभारल्यावरून नोव्हेंबर 2019 मध्ये सेबीला तिच्यावर कारवाई करावी लागली. म्हणून शेअरचाही सातबारा पाहिला पाहिजे. हा सातबारा म्हणजे एनएसडीएल किंवा सीडीएसएल यांच्याकडील आपल्या नावाचे डिमॅट खाते. खरेदीचा व्यवहार आता दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. तेव्हा शेअर आपल्या खात्यात उतरले काय, हे दलालाच्या अॅपवर न पाहता या संस्थांकडून परस्पर येणाऱ्या विवरणपत्रात पाहावे. दलालाकडून येणारी सौद्याची चिठ्ठी त्याच्याशी ताडून घ्यावी. मुखत्यारपत्र मागितले गेल्यास त्यातील शब्द न शब्द वाचावा, आणि गुप्त क्रमांक कोणासही, अगदी घरोब्यातील एजंटासही, देऊ नये.

एका समजुतीबद्दल विशेष सावध राहावे. थोडे पैसे काढून पाहिले व ते परत मिळाले, म्हणजे दलाल खरा, असे अनेकांस वाटते. ठगांसही हे ठाऊक असते. दोन-पाच हजार ते आनंदाने परत करतात, कारण त्यांची नजर पुढच्या दोन-पाच लाखांवर असते. तसेच ठरावीक नफ्याची हमी देणारा दलाल कितीही सभ्य भासला तरी त्याच्या वाटेस जाऊ नये. शेअरबाजारात अशी हमी देण्याची मुभा कोणत्याही दलालास नाही. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच लाजेने गप्प न बसता 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसा हातोहात पुढे सरकण्यापूर्वी तो अडविण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते.

हे सारे सामान्य माणसानेच का करावे, असे कोणी विचारील. सेबीने आणि पोलिसांनी आपले कर्तव्य केलेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. नोंदणी कशी पडताळावी याची माहिती मराठीतून, तालुक्याच्या बाजार समितीपर्यंत आणि बँकेच्या शाखेपर्यंत पोहोचविणे हेही त्या कर्तव्यातच येते. परंतु कायदा येतो तो बहुधा चोर गेल्यावर. नागपूरच्या प्रकरणात पहिल्या निकालास एकवीस वर्षे लागली. तेवढ्या काळात लावलेले संत्र्याचे रोप मोठे होऊन फळे देते आणि म्हातारेही होते. वाट पाहण्याची एवढी ताकद कोणत्या कुटुंबात आहे? तेव्हा नागपुरात बसून नरखेडच्या बागेचा पैसा बाजारात घालणाऱ्या सुशिक्षित तरुणांस आमचे सांगणे एवढेच की, वडील जमीन घेताना जो कागद पाहतात, तो तुम्ही शेअर घेताना पाहा. त्यास अर्धा तास लागेल. तो पैसा ज्या बहारातून आला, त्याला मात्र वर्ष लागले आहे.