पहारीचा आवाज आणि मातीचा अहवाल

“चार फुटांवर मुरूम लागला, आता माती कसली तपासायची?” हा प्रश्न बांधकामावर हमखास ऐकू येतो. विचारणारे अडाणी नसतात. महाराष्ट्राच्या मोठ्या भागाखाली बेसॉल्ट आहे, पहारीचा आवाज ऐकून गवंड्यांनी पाये घातले आणि त्यातले कितीतरी वाडे अजून उभे आहेत. मग बोअरचा खर्च कशाला?

कारण पहारीला खालच्या वीतभराचेच कळते. बेसॉल्ट सगळीकडे सारखा कुजत नाही. मुरमात टणक गोटे शिल्लक राहतात, आणि गोट्यावर पहार आपटली की मालकाला कातळ लागल्याचा आनंद होतो.

वरवरची परीक्षा किती फसवते, हे कॅनडात विनिपेगजवळच्या ट्रान्स्कोना इथल्या धान्यकोठाराने 1913 साली दाखवले. तिथे तपासणी झाली नव्हती असे नाही; पायाच्या खड्ड्यात मातीवर भार ठेवून पाहिला होता. पण त्याखाली मऊ चिकणमाती होती, तिची चौकशी कोणी केली नाही. ऑक्टोबरात धान्य भरत असताना कोठार खचू लागले आणि चोवीस तासांत सुमारे 27 अंश कलले. काँक्रीट मात्र जवळपास अभंग राहिले! पुढे कातळापर्यंत खांब नेऊन ते सरळ केले.

म्हणूनच “लोखंड वाढवू, काही होत नाही” हा दिलासा लंगडा. काळ्या मातीत तर उलटाच प्रकार. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हलके एकमजली घरच आधी वरखाली होऊन भिंतींना तडे जातात. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तळाशी फुगीर असलेले पाइल पुढे आणले. पण ते किती खोल न्यायचे? शेजाऱ्याचे घर याचे उत्तर देत नाही.

बोअर देतो. त्यात 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडत नळी आधी 15 सेंटिमीटर रुतवतात. पुढच्या 30 सेंटिमीटरला लागणारे ठोके मोजतात. साधी, दणकट रीत.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे: बोअर न मारता टंकलेले अहवालही बाजारात मिळतात. तो दोष तपासणीचा नाही, ती टाळण्याचा आहे. तेव्हा मालकाने बोअरच्या दिवशी प्लॉटवर स्वतः उभे राहावे, आणि अहवालाबरोबर कातळाच्या नमुन्यांची पेटीही मागून घ्यावी.