हौस आणि हिशेब : वाट किती उरते?

फोन जमिनीवर रोखायचा, यादीतला पलंग निवडायचा, की तो आपल्याच खोलीत उभा! २०१७ साली आयकियाने ‘प्लेस’ हे ॲप आणलं तेव्हा ही जादूच वाटली होती. आता अशी सोय बऱ्याच मोठ्या दुकानांच्या ॲपमध्ये मिळते.

याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. शिकवायची सवय सुटत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. कॅमेरा जमिनीवरच्या रेघा, ठिपके, कडा टिपतो आणि फोन किती हलला, कुठे वळला हे आतले सेन्सर सांगतात. दोन्हींची सांगड घालून जमीन कुठे आहे याचा अंदाज बांधला जातो. म्हणूनच अंधुक उजेडात किंवा गुळगुळीत, एकरंगी जमिनीवर पलंग तरंगतो, नाहीतर भिंतीत घुसतो. तेव्हा दिवे लावा, पडदे सारा, फोन सावकाश फिरवा. आयफोन १२ प्रोपासूनच्या ‘प्रो’ फोनांत लायडार आहे. तो प्रकाशाने अंतर मोजतो, त्यामुळे पलंग जागच्या जागी बसतो.

आमच्या सासूबाई मार्चमध्ये साताऱ्याहून इथे न्यू जर्सीला येणार आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा हा त्यांचा पहिलाच प्रवास. खालची खोली त्यांच्यासाठी लावायची म्हणून ॲपमध्ये तीन प्रकारे मांडणी केली आणि फोटो पाठवले. खिडकीशी पलंग, शेजारी दिवा, मधोमध गालिचा. त्यांनी तिन्ही फोटो नीट पाहिले आणि म्हणाल्या, “छान दिसतंय गं. पण रात्री उठले तर हात कशाला लावू?”

साताऱ्याच्या घरी त्यांच्या पलंगापासून मोरीपर्यंत सलग भिंत आहे. तिच्यावर हात टेकवत त्या अंधारातही जातात. आमच्या तिन्ही फोटोंत पलंग ते दार सगळं मोकळं होतं. ॲप वस्तू दाखवतं, तिची लांबी-रुंदी दाखवतं. माणूस तिथून चालणार कसा, ते आपणच बघायचं.

मग पलंग दाराच्या बाजूच्या भिंतीला लावला. मधल्या जागेत भिंतीवर हाताला धरायची दांडी बसवून घ्यायची ठरली. ड्रॉवरचं कपाट पट्टीने भिंतीला आवळायचं, कारण ते कलंडू शकतं आणि आधाराला हात तिकडे जातोच. गालिचा रद्द, पाय अडकतो. इथल्या सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांसाठीची वाट साधारणपणे किमान ३६ इंच रुंद ठेवावी लागते. घराला तो नियम नाही, पण माप म्हणून उपयोगी आहे. वॉकर घेऊन चालणाऱ्याला तेवढी जागा हवीच.

पलंगाची उंची नणंदेने सोडवली. आईंना खुर्चीत बसवून तिने जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत टेपने मोजलं आणि कळवलं, १७ इंच. गादी धरून पलंग त्याहून थोडा उंच हवा, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. ॲपमधल्या पलंगाची उंची गादीसकट आहे की गादीविना, हे दुकानाच्या पानावर वाचून घ्या. शिवाय ॲप पलंग थेट खोलीत आणून ठेवतं. खऱ्या खोक्याला दार, जिना आणि जिन्याचं वळण पार करावं लागतं. तीही मापं घ्या.

शेवटी रंगकामाची निळी टेप जमिनीवर चिकटवून पलंग-कपाटाची चौकट आखा, रात्री दिवा मालवा आणि एकदा दारापर्यंत चालून बघा.

या दिवाळीनंतर ज्यांच्याकडे आई-वडील, सासू-सासरे यायचे आहेत, त्यांनी खरेदीआधी असे फोटो जरूर पाठवावेत. ‘आवडलं का?’ एवढंच विचारून थांबू नका. सकाळी उठल्यावर कुठे जाल, चष्मा कुठे ठेवाल, पोथी कुठे वाचाल, असं एकेक विचारा. नुसतं विचारलं तर आपली माणसं संकोचाने ‘काहीही चालेल’ म्हणतात. पलंग डोळ्यांसमोर दिसला, की बोलू लागतात.