तोरणमाळच्या पायवाटा कोणासाठी?

वैशाख लागला की देवपूरचे रस्ते भर दुपारी ओस पडतात. पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, पांझरेचे पात्र उघडे पडते, आणि सुट्टी लागलेल्या घरांतून 'यंदा कुठे जायचे?' हा प्रश्न निघतो. ऐपतवाले महाबळेश्वर गाठतात. कारकून आणि मास्तर तोरणमाळचे नाव काढतात. साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीचे हे सातपुड्यातील पठार १९९८ साली जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. आज ते नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात मोडते. सरकारी हद्द बदलली, तरी उन्हाळ्यात खानदेशाला आठवतो तो हाच गार माथा.

परंतु तेथे जाऊन आपण करतो काय? मोटार यशवंत तलावाशी थांबते, मुले पाण्यात खडे फेकतात, मग खडकी पॉइंट, सीताखाई अशी एकेक जागा 'उरकली' जाते. कड्याशी पाच मिनिटे उभे राहायचे, छायाचित्र घ्यायचे, उन्हाळ्यात धबधबा कोरडा का म्हणून हळहळायचे आणि परत गाडीत बसायचे. त्यानंतर मागणी येते ती कड्याच्या टोकापर्यंत डांबरी रस्त्याची आणि तेथेच वाहनतळाची. या मागणीस आमचा विरोध आहे. डोंगर पाहण्याचे खरे साधन पाय हेच होय. आणि पाय टाकायला तोरणमाळच्या परिसरात वाटांचा तुटवडा नाही.

या वाटा कोणा पर्यटन खात्याने आखलेल्या नव्हेत. पावरा आणि भिल्ल समाजाच्या पिढ्यांनी पाड्यावरून पाड्यावर, पाण्याला, बाजाराला जाता-येता त्या मळल्या. चैत्रातल्या पहाटे मोहाची फुले वेचायला बायका-पोरे याच वाटांनी निघतात. पुढे कैऱ्या उतरतात, सोलून त्यांच्या फोडी उन्हात घातल्या जातात, आणि धडगावकडचे आमचूर बाजाराची वाट धरते. सूर्य तापण्यापूर्वी दोन-तीन तास या वाटेने चाललेल्या माणसाला जे दिसेल, ते काचेआडून दिवसभर फिरणाऱ्याला दिसणार नाही.

मात्र या पायवाटेची दुसरी बाजू विसरून तिचे गोडवे गाणे हा शहरी निर्दयपणा ठरेल. आजाऱ्याला, अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून दवाखान्याकडे न्यावे लागल्याच्या बातम्या अक्राणी-अक्कलकुवा भागातून येतच असतात. ज्याला चालण्याची हौस असावी त्याच्यासाठी डांबर मागायचे आणि ज्याला चालण्याची सक्ती आहे त्याला वाटेवर सोडायचे, हा उफराटा न्याय झाला. रस्ता पाड्यापर्यंत न्यावा. पाहुण्याला कड्यापर्यंत चालू द्यावे. निधी अपुरा असेल तर हा क्रम अधिकच काटेकोरपणे पाळावा.

पायवाट म्हणजे मागासलेपणा, असे मानणाऱ्यांनी स्वित्झर्लंडकडे पाहावे. तेथील चालण्याच्या वाटांचे जाळे एका शिक्षकाच्या संतापातून उभे राहिले. १९३० च्या सुमारास माइलेन गावचे योहान याकोब एस हे गुरुजी विद्यार्थ्यांना घेऊन क्लाउसेन खिंडीतून चालले असता मोटारींच्या धुराने व धुळीने त्रासून गेले. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा आणि त्यांवर सर्वत्र एकसारखे पिवळे फलक असावेत, ही कल्पना त्यांनी मांडली. १९३४ साली त्यासाठी संघटना स्थापन झाली. १९७९ साली जनतेने मतदान करून या वाटांना देशाच्या राज्यघटनेत स्थान दिले, आणि आज त्यांची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे. आपल्याकडील मास्तरांना संताप येत नाही असे नाही. तो बहुधा शिक्षकांच्या खोलीतच विरतो.

इतके दूर तरी कशाला जावे? माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याशीच अडविल्या जातात. म्हणून तेथील लाल मातीच्या वाटा वाटाच राहिल्या, आणि गर्दी असूनही माणसाला झाडाखालून निवांत चालता येते.

तोरणमाळसाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. चार-सहा वाटा निवडाव्यात, वळणावळणावर फलक लावावेत, पिण्याच्या पाण्याची सोय करावी, वाटाड्या म्हणून स्थानिक तरुणांना ठरलेला मोबदला द्यावा. उन्हाळ्यात पाचोळ्यावर पडलेली एक विडी रान पेटवू शकते, तेव्हा काडेपेटी वाटेच्या तोंडाशीच काढून घ्यावी. कोणती वाट पाहुण्यांसाठी खुली करावयाची आणि कोणती नाही, हे मात्र ग्रामसभेने ठरवावे. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तेथील ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. तिला वगळून आखलेली वाट, कितीही रम्य असली, तरी ती दुसऱ्याच्या अंगणातून काढलेली वाट होईल.

आपल्या लोकांना उन्हात चालवत नाही, हा आक्षेप खानदेशात तरी कोणी घेऊ नये. चैत्री पौर्णिमेला सप्तशृंग गडाकडे येथून माणसे पायी निघतात, गावोगावी त्यांना पाणी आणि जेवण दिले जाते. त्यांत म्हातारी माणसे असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायका असतात. त्यांच्यापुढे सकाळच्या थंड हवेतल्या दोन तासांच्या चालीची काय कथा!

फलकांविषयी एक सूचना. त्यांवर अंतर न लिहिता, स्विस पद्धतीप्रमाणे, चालायला लागणारा वेळ लिहावा. फक्त तो वेळ पावरा तरुणाच्या चालीने मोजू नये, देवपूरच्या खुर्चीवरच्या कारकुनाच्या चालीने मोजावा. नाहीतर पाऊण तासाची म्हणून धरलेली वाट दुपारपर्यंत संपायची नाही.