बीभत्सातून भयानकाकडे : 'फ्रँकेन्स्टाइन्स आर्मी' आणि मूक विरूपांचा प्रश्न

वाङ्मयाच्या अभ्यासकाने कोणत्या कलाकृतींची दखल घ्यावी आणि कोणत्या कलाकृतींकडे पाठ फिरवावी, यासंबंधी आपल्या विद्यापीठीय वर्तुळात काही अलिखित संकेत रूढ झालेले आहेत. भयकथा हा पाठ फिरवण्याचा प्रांत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा मराठी वाचकाने मनापासून वाचल्या. परंतु या वाचनाच्या मानाने समीक्षेने त्यांना दिलेली जागा अल्पच म्हणावी लागेल. छापील भयकथेची ही अवस्था, तर तुटपुंज्या खर्चात निघालेल्या भयपटाची काय कथा! असे चित्रपट 'हीन अभिरुचीचे' म्हणून एका वाक्यात निकालात काढले जातात. प्रस्तुत लेखकाला हा निकाल घाईचा वाटतो. मात्र या चित्रपटांची भलावण करण्याचाही येथे हेतू नाही. त्यांच्यावर घ्यावयाचा खरा आक्षेप अभिरुचीचा नसून नैतिक स्वरूपाचा आहे, आणि तो नेमकेपणाने मांडावयाचा तर प्रथम त्यांच्याकडे एक संहिता म्हणून पाहावे लागते. या दृष्टीने एका चित्रपटाचा येथे विचार करावयाचा आहे.

'फ्रँकेन्स्टाइन्स आर्मी' हा रिचर्ड राफोर्स्ट या डच दिग्दर्शकाचा चित्रपट २०१३ साली रॉटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवला गेला. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट जवळ आलेला असताना सोव्हिएत सैन्याची एक लहान टेहळणी तुकडी जर्मन प्रदेशात शिरते. तिच्याबरोबर दिमित्री नावाचा कॅमेरामन आहे. लाल सेनेच्या पराक्रमाचा प्रचारपट तयार करणे हे त्याच्यावर सोपवलेले काम. आपल्याच सैनिकांकडून आलेल्या मदतीच्या हाकेचा माग काढत तुकडी एका ओसाड गावात पोहोचते. तेथे तिची गाठ पडते ती मृतांच्या देहांना यंत्रांचे अवयव जोडून घडवलेल्या विरूप सैनिकांशी. एकाच्या मस्तकाच्या जागी विमानाचा पंखा आहे, एकाच्या चेहऱ्यातून भले मोठे गिरमिट पुढे आलेले आहे. त्यांचा निर्माता व्हिक्टर हा मूळ फ्रँकेन्स्टाइनचा वंशज. सारा चित्रपट दिमित्रीच्या कॅमेऱ्यातून दिसतो; जणू नंतर कोणाच्या तरी हाती लागलेली चित्रफीत आपण पाहत आहोत, अशी त्याची रचना आहे.

या रचनेमागे अर्थकारण आहे, हे उघड आहे. एकच कॅमेरा, अरुंद बोळ आणि तळघरे, मोजके नट, आणि संगणकीय करामतींपेक्षा शिवलेल्या पोशाखांवर व घडवलेल्या मुखवट्यांवर ठेवलेली भिस्त, अशा काटकसरीतून तो उभा राहिला आहे. १९४५ च्या सुमारास एका सैनिकाने हाती धरून घेतलेले चित्रण इतके रंगीत, इतके स्वच्छ आणि ध्वनीसह असू शकत नाही, ही विसंगतीही कोणाच्या नजरेतून सुटणार नाही. तरीही या काटकसरीतूनच चित्रपटाला त्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य लाभले आहे. विरूप देह संगणकावर रेखाटलेले नसून ते प्रत्यक्ष नटाच्या अंगावर चढवलेले आहेत. त्यामुळे त्यांना वजन आहे. ते दारात अडकतात, धडपडतात. लोखंड आणि मांस यांचा सांधा नीट जुळलेला नाही, हे डोळ्यांना दिसते आणि अंगावर काटा येतो.

या परिणामाचा उलगडा करण्यासाठी आपल्या परंपरेतील रसविचाराकडे वळणे काहींना ओढाताणीचे वाटेल. परंतु येथे तो विचार खरोखरच उपयोगी पडतो. भरताने शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे चार रस मूळ मानले व त्यांपासून अनुक्रमे हास्य, करुण, अद्भुत आणि भयानक यांची उत्पत्ती सांगितली. बीभत्साचे दर्शन म्हणजेच भयानक, अशी त्याची मांडणी आहे. यातील 'दर्शन' हा शब्द लक्षणीय आहे. किळसवाण्या वस्तूचे केवळ अस्तित्व पुरेसे नाही. ती कोणीतरी पाहावी लागते. दिमित्रीचा कॅमेरा हे या चित्रपटातील दर्शनाचे साधन आहे. वीररसाचे चित्रण करण्यासाठी आणलेले हे साधन पहिल्या काही प्रसंगांतच बीभत्साकडे वळते आणि तेथून परत फिरू शकत नाही. शिवाय, भरताने भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याकडे सोपवले होते. उत्तम प्रकृतीचा अधिकार वीराचा. येथे विजयाच्या उंबरठ्यावर उभे असलेले सशस्त्र सैनिक थरथर कापताना दिसतात. वीराची उतरंड अशी कोसळताना दाखवणे, हे या चित्रपटाचे युद्धविषयक भाष्यच होय.

मात्र भरताने सांगितलेल्या चार जोड्यांपैकी एक जोडी या चित्रपटात अपुरीच राहते. ती म्हणजे रौद्रापासून करुणाची. रौद्र कर्माचे फळ करुण असते. चित्रपटात रौद्र कर्मे पुष्कळ आहेत. सोव्हिएत सैनिकही हाती सापडलेल्या नि:शस्त्र माणसाचे बोट छाटण्यास कचरत नाहीत. पण या कर्मांचे फळ जे देह, ते विरूप सैनिक, आपल्या करुणेचा विषय कधीच होत नाहीत. ते येतात, हल्ला करतात, फुटतात, संपतात. असे का घडते, याचे उत्तर निवेदनाच्या व्यवस्थेत शोधावे लागेल.

मेरी शेलीच्या १८१८ सालच्या कादंबरीशी तुलना केली असता ही गोष्ट स्पष्ट होते. त्या कादंबरीत निवेदनाचे तीन वेढे आहेत. सर्वांत बाहेर उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघालेल्या वॉल्टनची बहिणीला लिहिलेली पत्रे, त्यांच्या आत व्हिक्टरची कहाणी, आणि तिच्या गाभ्याशी खुद्द त्या निर्मित जीवाचे आत्मनिवेदन. ज्याला नावही दिले गेले नाही तो जीव तेथे बोलतो. आपण भाषा कशी शिकलो, माणसांच्या दारातून कसे हाकलले गेलो, हे सांगतो. कादंबरीचा नैतिक भार या आत्मनिवेदनावर तोललेला आहे. १९३१ साली जेम्स व्हेलच्या चित्रपटाने या जीवाची वाचा काढून घेतली. बोरिस कार्लॉफच्या अभिनयाने ती उणीव पुष्कळशी भरून काढली. त्याच्या डोळ्यांत व हातांच्या हालचालीत केविलवाणेपण होते. राफोर्स्टच्या चित्रपटात वाचा नाही आणि डोळेही लोखंडाखाली झाकले गेले आहेत. तीन निवेदकांच्या जागी एकच निवेदक उरला आहे, आणि तो कॅमेऱ्यामागे उभा आहे.

हा निवेदक विश्वसनीय नाही, ही या चित्रपटाची खरी सूचक जागा. कथानक पुढे सरकते तसे उघड होते की दिमित्री केवळ प्रचारपट करण्यासाठी आलेला नाही. व्हिक्टरला गाठून त्याला सोव्हिएत सत्तेच्या हाती आणण्याची गुप्त कामगिरी त्याच्यावर आहे आणि तीपायी त्याने आपल्या सोबत्यांना अंधारात ठेवलेले आहे. म्हणजे जे आपण साक्ष म्हणून पाहत होतो, ती एका सौद्याची पूर्वतयारी होती. इतिहासाचा आधार घेतला तर ही कल्पना मुळीच अतिरंजित वाटत नाही. युद्धानंतर अमेरिकेने 'ऑपरेशन पेपरक्लिप' या मोहिमेखाली सोळाशेहून अधिक जर्मन शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ आपल्याकडे नेले. २२ ऑक्टोबर १९४६ रोजी सोव्हिएत सत्तेने आपल्या ताब्यातील जर्मन भागातून दोन हजारांहून अधिक तज्ज्ञ, अनेकांच्या कुटुंबांसह, हलवले. पराभूताची विद्या जेत्यांना हवी होती. चित्रपटाच्या शेवटी कॅमेरा हाती घेऊन निसटलेला तरुण सैनिक स्टालिनसमवेतच्या छायाचित्रात दिसतो. सोबत्यांच्या मृत्यूचे दस्तऐवज त्याला बढती मिळवून देतात. अल्प खर्चाच्या भयपटाने जेत्याच्या नीतीवर केलेली ही टीका गंभीर म्हणवणाऱ्या अनेक युद्धपटांत आढळत नाही. 'हीन अभिरुची' या शिक्क्याखाली आपण काय गमावतो, हे येथे ध्यानात यावे.

यानंतरच मूळ आक्षेपाकडे येता येते. विरूप सैनिकाची ही कल्पना नाझी राजवटीतील वैद्यकीय प्रयोगांच्या स्मृतीवर पोसलेली आहे. ते प्रयोग खरोखर कोणावर झाले? ९ डिसेंबर १९४६ ते २० ऑगस्ट १९४७ या काळात न्यूरेंबर्ग येथे डॉक्टरांवरील खटला चालला. २३ आरोपींपैकी १६ दोषी ठरले आणि ७ जणांना देहदंड झाला. या खटल्यात पुढे आलेल्या प्रयोगांपैकी काही राव्हेन्सब्र्युक येथील स्त्रियांच्या छळछावणीतील होते. तेथे बंदिवान स्त्रियांच्या, प्रामुख्याने पोलिश स्त्रियांच्या, पायांवर जखमा करण्यात आल्या; त्या जखमांत जंतू सोडण्यात आले, लाकडाचा भुसा आणि काचेची पूड भरण्यात आली. हेतू असा की रणांगणावर जर्मन सैनिकाला होणाऱ्या जखमांवर सल्फा औषधे कितपत गुणकारी ठरतात, हे कळावे. हाडे व स्नायू यांच्या रोपणाचे प्रयोगही तेथेच झाले. म्हणजे सैनिकाचा देह सांधता यावा म्हणून बंदिवान स्त्रीचा देह फाडला गेला. भयपटाने हे नाते उलटे केले आहे. तेथे प्रयोग होतो तो लढणाऱ्या देहावर, आणि प्रयोगातून निपजतो तो हल्लेखोर. प्रयोगाचा बळी आणि प्रयोगाचे शस्त्र या दोन भिन्न गोष्टी एका पोशाखात शिवल्या जातात. परिणामी ज्या देहाविषयी आपल्या मनात करुणा जागावी, त्याच्यावर गोळी झाडली की प्रेक्षागृह सुटकेचा नि:श्वास टाकते.

राव्हेन्सब्र्युकच्या त्या स्त्रिया मूक राहिल्या नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेतील प्राण्यांवरून त्या स्वत:ला 'ससे' म्हणत. हा शब्द त्यांनी स्वत:साठी योजलेला होता आणि त्यात धारदार उपरोध होता. डिसेंबर १९४६ मध्ये यादविगा जिदो आणि तिच्या काही सोबतिणी न्यूरेंबर्गच्या न्यायालयात उभ्या राहिल्या, बोलल्या, आणि आपल्या पायांवरील व्रण त्यांनी न्यायासनाला दाखवले. हेही बीभत्साचे दर्शनच होते. परंतु ते ज्यांचा देह त्यांनीच घडवलेले दर्शन होते, आणि त्यामुळे ते भयानकाशी न थांबता करुणापर्यंत, किंबहुना न्यायापर्यंत, पोहोचले. शेलीच्या कादंबरीतील अनाम जीव जे करतो, तेच या स्त्रियांनी इतिहासात केले. राफोर्स्टचा चित्रपट ज्याची दखल घेत नाही ते हेच.

यावर असा प्रतिवाद संभवतो की यंत्रयुगातील युद्ध माणसाला निर्वाच करून टाकते, आणि हे मुकेपण दाखवणे हाच दिग्दर्शकाचा आशय आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. नाझी आणि सोव्हिएत मेंदूंचे अर्धे अर्धे भाग जोडून युद्ध संपवू पाहणारा व्हिक्टर हा दोन्ही विचारसरणींवरील जळजळीत उपहास आहे. परंतु उपहास व्हिक्टरच्या वाट्याला येतो, संवादही त्याच्याच वाट्याला येतो. ज्याचे मस्तक कापले जाते त्याच्या वाट्याला केवळ किंकाळी. मुकेपणाचे चित्रण करणे आणि मुके करणे यांतील भेद कलावंताने राखावयाचा असतो. तो येथे राखला गेला नाही.

आपल्याकडील एका कलाकृतीचे स्मरण या ठिकाणी अप्रस्तुत ठरू नये. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू निर्वासितांची बोट हे तिचे रणांगण. तेथे छावणी नाही, शस्त्रक्रिया नाही, रक्ताचा पाट नाही. तरीही हॅर्टाच्या बोलण्यातून येऊ घातलेल्या संहाराची चाहूल लागते, आणि ती चाहूल अधिक काळ मनात राहते. दोन्ही कृतींची प्रतवारी लावण्यासाठी ही तुलना केलेली नाही; कादंबरी व भयपट यांची प्रयोजने भिन्न आहेत. पीडित व्यक्तीला नाव आणि भाषा मिळाली की रसपरिणती कशी बदलते, एवढेच तिच्यावरून दिसावे.

तेव्हा भयपटाविषयीची आपली भूमिका दोन्ही बाजूंनी तपासावयास हवी. तो पाहण्यायोग्य नाही म्हणणारा समीक्षक त्यातील अविश्वसनीय निवेदक आणि जेत्याचा सौदा पाहू शकत नाही. आणि तो निव्वळ करमणूक आहे म्हणणारा चाहता त्यातील हरवलेला आवाज ऐकू शकत नाही. तौलनिक साहित्याभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गात शेलीची कादंबरी, हा चित्रपट आणि न्यूरेंबर्गमधील साक्षी एकत्र ठेवून शिकवता येतील. निवेदक, दृष्टिकोण, रसपरिणती या संज्ञा विद्यार्थी परीक्षेपुरत्या पाठ करतात. कोण पाहतो आहे, कोण बोलतो आहे आणि कोणाला बोलू दिले गेलेले नाही, हे प्रश्न विचारण्यासाठी त्या संज्ञा आहेत, हे अशा अभ्यासातून त्यांना उमजेल. भयपटाकडून करुणेची अपेक्षा धरणे म्हणजे त्याच्याकडून भलतेच काही मागणे नव्हे. शेलीने दोन शतकांपूर्वी, वयाची विशीही पुरती उलटलेली नसताना, ती अपेक्षा पुरी करून दाखवली होती.