डॉक्टर चुकला, पण 'निष्काळजी' होता का? कोर्ट कसं ठरवतं?

सीसीएमपी हा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी करावी का, यावरून 2025 मध्ये राज्यात मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंचे डॉक्टर आमनेसामने आले. पण पेशंटसाठी कळीचा प्रश्न वेगळाच आहे. अॅलोपॅथीची औषधं देताना अशा डॉक्टरची चूक झाली, तर कोर्ट त्याला कोणती मोजपट्टी लावेल?

मोजपट्टी कोणती?

एरवी निष्काळजीपणा ठरवताना कोर्ट विचारतं, की त्या जागी एखादा समंजस सामान्य माणूस कसा वागला असता? पण सामान्य माणसाला ऑपरेशन येत नाही. म्हणून 1957 मध्ये इंग्लंडमधल्या बोलॅम खटल्यात वेगळी कसोटी आली. विशेष कौशल्य असल्याचं सांगणाऱ्याची तुलना त्याच क्षेत्रातल्या सर्वसाधारण कुशल माणसाशी करायची. म्हणजे देशातल्या सर्वोत्तम सर्जनशी नाही आणि रस्त्यावरच्या माणसाशीही नाही.

सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हीच कसोटी स्वीकारली. त्यानुसार व्यावसायिक दोन प्रकारे दोषी ठरू शकतो. जे कौशल्य असल्याचं सांगितलं ते त्याच्याकडे नव्हतंच, किंवा होतं पण ते त्याने पुरेशा काळजीने वापरलं नाही. नुसता उपचार फसला किंवा पेशंट दगावला, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

कौशल्यच नसेल तर?

मुंबईतल्या एका होमिओपॅथ डॉक्टरने तापाच्या पेशंटला अॅलोपॅथीची औषधं दिली आणि पुढे पेशंट दगावला. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जी उपचारपद्धती शिकलेलोच नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा. पेशंटच्या पत्नीला 3 लाखांची भरपाई मिळाली.

भरपाई वेगळी, तुरुंग वेगळा

पेशंट ग्राहक आयोगात भरपाई मागू शकतो. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा अतिशय गंभीर असावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचारादरम्यान असं घडलं, तर कमाल मर्यादा 2 वर्षं.

मग सीसीएमपीचं काय?

नोंदणी मिळाली तर 'परवानगी नव्हती' हा आक्षेप संपेल. पण जेकब मॅथ्यूचा तर्क लावला, तर जबाबदारी कमी होत नाही. अॅलोपॅथीचं औषध लिहिणाऱ्याने ते औषध देणाऱ्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरइतकी काळजी घेतली का, हेच पाहिलं जाईल. 'माझा कोर्स एकाच वर्षाचा होता' हा बचाव तिथे टिकणं अवघड आहे.

म्हणूनच एका वर्षात तेवढं कौशल्य येतं का, हा या वादातला खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर चुकलं, तर किंमत आधी पेशंट मोजेल आणि मग डॉक्टर.