हवामान बदलले, माणूस हलला; आता हलणार कुठे?

गोरेगावात हवामान बदलाचा विषय निघतो तो उकाडा, तुंबलेले पाणी आणि आरेतील झाडांवरून. पण हवामानाचे मोठे पालट महाराष्ट्रातल्या माणसाने पूर्वीही सोसले आहेत.

चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शहामृग हा कोरड्या, मोकळ्या माळरानावरचा पक्षी. म्हणजे हिमयुगात खानदेशात असे माळरान होते आणि तिथे माणूसही टिकून होता. कसा? एक उत्तर पाटण्याच्याच दगडी हत्यारांत आहे. ती पुढे आकाराने लहान होत गेली. अशी बारीक पाती लाकडी किंवा हाडाच्या दांड्यात बसवता येत. एखादे तुटले तर तेवढेच बदलायचे. ओझे कमी, त्यामुळे शिकारीमागे, पाण्यामागे लांबवर जाता येई.

गोरेगावजवळच्या कांदिवलीतही के. आर. यू. टॉड यांनी १९३०च्या दशकात अश्मयुगीन हत्यारे शोधली. हिमयुग ओसरल्यावर जगभर समुद्र सुमारे १२० मीटर चढला. पण ते हजारो वर्षांत, आणि भटक्या माणसाला मागे सरकायला जागा होती.

गृहकर्जाचे हप्ते भरणारे कुटुंब असे उठून जाऊ शकत नाही. त्यामुळे पाणी मुरवणारी जमीन, सावली देणारी झाडे आणि भरती झेलणारी खारफुटी इथेच राखावी लागेल. आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा २०२०मध्ये झाली. उरलेल्या हिरव्या जागेचा निर्णयही आरोग्याचा प्रश्न म्हणूनच व्हायला हवा.