प्रकाशाचीही मात्रा असते

मान, कंबर किंवा गुडघा दुखू लागला की गोळ्या आणि शेक यांच्या जोडीला आता ‘लेझर घ्या’ असा सल्लाही मिळतो. हा शस्त्रक्रियेतला कापणारा लेझर नव्हे. याची शक्ती साधारणपणे अर्ध्या वॅटपेक्षा कमी असते आणि त्वचेला तो जेमतेम जाणवतो. म्हणूनच कुणी त्याला चमत्कार ठरवतो, तर कुणी ‘नुसता दिवा दाखवतात’ म्हणून थट्टा करतो. दोघेही घाई करतात.

बुडापेस्टमध्ये १९६७ साली डॉ. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर सौम्य लेझर सोडला, तेव्हा तिथले केस लवकर उगवले. तिथून या उपचाराची वाटचाल सुरू झाली. लाल आणि अवरक्त प्रकाश पेशींतील मायटोकॉन्ड्रिया शोषून घेतात, त्यातून पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दाह ओसरतो, असे मानले जाते. मात्र प्रकाश कमी पडला तर उपयोग होत नाही आणि जास्त झाला तर परिणाम उलट मावळतो. थोडक्यात, औषधासारखीच प्रकाशालाही मात्रा असते.

पुरावा काय सांगतो? ‘लॅन्सेट’ने २००९ मध्ये १६ चाचण्यांतील ८२० रुग्णांचा आढावा छापला. त्यात जुनाट मानदुखीचा आराम उपचार संपल्यावरही २२ आठवड्यांपर्यंत टिकलेला दिसला. कंबरदुखीबाबत मात्र पुरावा कमकुवत आहे. सर्वांत भक्कम आधार आहे तो वेगळ्याच ठिकाणी. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना तोंड सोलवटते, घास गिळवत नाही, प्रसंगी उपचार अर्धवट थांबवावे लागतात. हे टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सौम्य लेझरची शिफारस करतात. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग घरोघरी परिचित झालेल्या आपल्या देशात याची चर्चा गुडघ्यांच्या जाहिरातींपेक्षा अधिक व्हायला हवी.

म्हणून दहा बैठकांचे पॅकेज घेण्याआधी विचारा : निदान काय आहे? तरंगलांबी किती, प्रत्येक जागी किती ज्यूल, आणि फरक कधी व कसा मोजणार? डोळ्यांना संरक्षक चष्मा आहे का? रात्री झोपू न देणारी पाठदुखी, विनाकारण घटणारे वजन, पायातली जाणारी ताकद किंवा लघवीवरचा सुटलेला ताबा यांपैकी काही असेल तर लेझर नव्हे, आधी डॉक्टर गाठा. वेदना दबली आणि आजार वाढला, तर तो आराम फार महागात पडतो.

उपचार केंद्रांकडूनही एक साधी अपेक्षा आहे. गोळीचे नाव आणि मात्रा जशी लिहून दिली जाते, तशीच प्रकाशाची मात्राही रुग्णाच्या केसपेपरवर लिहावी. जी लिहिता येत नाही, तिचे पैसे घेऊ नयेत.